डावीकडचा खालचा कोपरा

१

दुपारी लहानगी समीक्षा झोपली की राणी आभाळ मांडायला बसायची.

बाहेरून बघणाऱ्याला तो पत्त्यांचा डाव वाटला असता. कुपवाडच्या कारखान्यांना लागून पत्र्याच्या खोल्यांची एक रांग आहे, त्यातली शेवटची खोली त्यांची. नवरा धनाजी जवळच्याच एका वर्कशॉपमध्ये लेथवर होता. त्याला आभाळाचे फोटो काढायचा नाद. कुणाला दारूचा नाद असतो, कुणाला आकड्याचा, याला हा. राणीनं तो चांगल्यातला म्हणून पत्करला होता. जुना कॅमेरा, तो उभा करायला एक तिकाटणं आणि अवसेची रात्र मिळाली की गडी खूश. कुपवाडात दिव्यांच्या उजेडात तारे दिसत नाहीत, म्हणून अवसेच्या सुमाराला सुट्टी साधून तो गावी जायचा, माण तालुक्यात. आमच्याकडं पाऊस न्हाई पर आभाळ हाय, असं तो वर्कशॉपमध्ये सगळ्यांना सांगायचा.

या वर्षी त्याच्या मनात मोठं चित्र होतं. पहाटे घरामागून उगवणारी आकाशगंगा, खाली घर, अंगण, मेंढरांचं वाडगं, सगळं एकात. एवढं एका फोटोत मावत नाही. त्याच्या चौकटी पाडायच्या, एकेक चौकट वेगळी टिपायची आणि नंतर लॅपटॉपवर जोडायची. याला तो मोझॅक म्हणायचा. कुठली चौकट कुठं, कुठली आधी, कुठली मागनं, हे दिवसाउजेडी ठरवावं लागतं, कारण अंधारात थंडीनं डोकं चालत नाही. त्यानं पुठ्ठ्याचे सारखे तुकडे कापले होते. एका मोठ्या कागदावर पेन्सिलीनं घर आणि आभाळ काढलं होतं. त्या कागदावर तुकडे मांडायचे.

ते काम राणीकडं आलं ते तिच्या हातामुळं. ती वाकळा शिवायची. एकदा धनाजी तुकड्याला तुकडा टेकवून बसला होता, तेव्हा भाकरी थापता थापताच ती म्हणाली होती, "आवं, काठाला काठ लावून कसं भागंल? ठिगळ ठिगळावर चार बोटं चढवावं लागतं. न्हाईतर ताण आला की फट पडती."

धनाजीनं हातातला तुकडा खाली ठेवला. जोड नीट बसायला शेजारच्या चौकटीचा थोडा भाग या चौकटीतही यावा लागतो, हेच तो आठवडाभर मोबाइलवर बघून शिकत होता. तेव्हापासून मांडणी राणीची.

आता वाकळेची एक रीत होती तिच्या माहेरची, आटपाडीकडची. सगळी ठिगळं बसली तरी एका कोपऱ्याचं ठिगळ लावायचं नाही. वाकळ पुरी झाली की घरातल्या ताज्या भाकरीचा घास त्या कोपऱ्यात ठेवायचा आणि मग तो मिटायचा. वाकळ उपाशी ठेवायची नाही. ठेवली तर काय होतं, असं राणीनं लहानपणी आईला विचारलं होतं. आई म्हणाली होती, हातातलं काम कर.

माघातल्या अवसेला धनाजी गावी निघाला तेव्हा त्यानं मांडणीचा फोटो मोबाइलमध्ये काढून नेला. खालच्या ओळीतला डावीकडचा शेवटचा तुकडा मांडलेला नव्हता. राणी विसरली असंही नाही. कोपरा होता, म्हणून हातानं आपोआप सोडला.

२

धनाजीही सांगितल्याबरहुकूम काम करणारा. ड्रॉइंगमध्ये नाही ते भोक पाडायचं नाही, ही लेथवरची सवय. मांडणीत चौकट नाही, म्हणजे टिपायची नाही.

लॅपटॉप वर्कशॉपमधल्या सोबत्याचा. रविवारी धनाजीनं चित्र जोडलं आणि राणीला हाक मारली. आकाशगंगा घरावर वाकून उभी होती, धुरासारखी. नुसत्या डोळ्याला रात्री दिसत नाहीत ते रंगसुद्धा आले होते, घराच्या दाराचा निळा, टाकीचा काळा. आणि खाली डावीकडं कोऱ्या काळ्या रंगाचा एक चौकोन. कापून काढल्यासारखा.

"बाई, एक ठिगळ खाल्लंस की," धनाजी म्हणाला.

तिनं खरं काय ते सांगितलं. तो पोट धरून हसला. तेवढा वाडग्याचा कोपरा पुढच्या अवसेला घेऊ म्हणाला. वाडगं तसंही रिकामं होतं. थोरला दीर बाळासो मेंढरं घेऊन घाटाखाली गेला होता, तो उन्हाळ्याशिवाय परतायचा नाही. घरी सासू एकटी, हरणाबाई.

धनाजी तिला चित्रातली गंमत दाखवत होता. तो टिपत असताना आई दोनदा अंगणातून गेली होती, कुत्रं तर सारखं पायात होतं. चित्रात कुणी दिसत नव्हतं. शटर अर्धा-अर्धा मिनिट उघडं असतं, त्यानं समजावलं. "जे हलतं ते पुसून जातं. जे थांबतं तेवढंच येतं."

शटरचा आवाज समीक्षाच्या ओळखीचा होता. धनाजी खोलीत कॅमेरा तपासायला बसला की ती मांडीला खेटून बसायची. खट्ट वाजलं की म्हणायची, उघडला. मग गाल फुगवून वाट बघायची. पुन्हा खट्ट वाजलं की टाळी वाजवून म्हणायची, मिटला. तीन वर्षांची पोर, एवढ्यावर तिचा तास जायचा.

"हे काय?" राणीनं विचारलं.

काळ्या चौकोनाला लागून अंगणात काहीतरी पसरलेलं होतं. धनाजीनं ते मोठं केलं. वाकळ होती. तिच्याखाली लहानसा उंचवटा होता, आणि काठाबाहेर एक पाऊल आलं होतं. किंवा दगड असेल.

आईनं वाळत टाकली असंल, असं म्हणून धनाजी पुढं गेला. राणी तिथंच राहिली. वाकळेत धनाजीच्या जुन्या युनिफॉर्मचा निळा तुकडा होता. त्याच्या शेजारी तिच्या लग्नातल्या परकराचा हिरवा. ती वाकळ अजून शिवून व्हायची होती आणि तिच्या पाठीमागं ट्रंकेत होती. चित्रातली मात्र पुरी झालेली दिसत होती, एवढा एक कोपरा सोडून. आणि मधोमध पिवळं ठिगळ होतं.

पिवळं कापड राणीकडं नव्हतंच. ती स्वतःला हे पुन्हा पुन्हा सांगत राहिली. पिवळं नाही, म्हणजे ती आपली नाही. निळे युनिफॉर्म काय जगात एकच आहेत?

तरी तिनं सासूला फोन केला. हरणाबाई म्हणाली, रातीचं दहिवर पडतं, वाकळ कोण बाहेर टाकील? आणि सुनेला सध्या झोप लागते का, असंही विचारलं, कारण समीक्षाच्या जन्मापासून राणीला धड झोप नव्हती. रात्री उठून पोरीच्या नाकापुढं बोट धरायची सवय होती तिला. घरात सगळ्यांना ते माहीत होतं, म्हणून राणीनं पुढं काही विचारलं नाही.

३

फाल्गुन लागला तेव्हा समीक्षाचा फ्रॉक पत्र्याच्या कडेला अडकून उभा फाटला. मावशीनं दिलेला, पिवळा.

राणीनं तो घडी करून डब्यांच्या मागं खोचला. टाकून द्यायला मन होईना आणि कापायला हात होईना. शेजारच्या खोलीतली धोंडुबाई तिच्यावर माया करायची. एकदा राणी रेशन आणायला गेली, तेव्हा धोंडुबाई पोरीला सांभाळत बसली. परत आली तर म्हातारी ट्रंक उघडून, वाकळ मांडीवर घेऊन, सुई ओवून बसलेली. डब्यांमागचा फ्रॉक कापून केलेलं पिवळं ठिगळ मधोमध बसलं होतं, टाके सुरेख.

"रिकामी किती बसू? म्हणलं तेवढाच तुझा हात हलका," धोंडुबाई म्हणाली. "कोपरा तेवढा राहिलाय बग. तुमच्यात सोडत्यात म्हणं."

राणीनं चहा टाकला. दुसरं काय करणार?

त्या अवसेला सगळं नव्यानं टिपायचं धनाजीनं ठरवलं होतं, पण वळिवाचे ढग आले. त्याला पहाटेपर्यंत खालची एकच ओळ जमली. उजवीकडून डावीकडं येत कोपऱ्यापर्यंत पोचला आणि ढग भरून आले. कोपरा पुन्हा राहिला. तो वैतागून परत आला. आणलेल्या चौकटी त्यानं लॅपटॉपवर लावल्या. राणीनं कणीक तशीच टाकून येऊन बघितलं.

वाकळ सरकली होती. निम्मी काळ्या चौकोनात गेली होती, निम्मी अलीकडं. पाऊल दिसत नव्हतं.

कॅमेरा हलला असंल, धनाजी म्हणाला. पण तिकाटण्याच्या तीन पायांखाली त्यानं तीन दगड पुरून ठेवले होते, ते हलत नाहीत. राणीनं शिवणाची टेप आणली आणि लॅपटॉपच्या काचेवर धरली. टाकीपासून अंगणातल्या लिंबाच्या झाडापर्यंतचं अंतर मागच्या चित्रात होतं तेवढंच. दारापासून लिंबापर्यंतचंही तेवढंच. फक्त वाकळ.

धनाजीनं टेप घेऊन स्वतः मोजून बघितलं. "आई इसरली असंल," तो म्हणाला. "तिला सांगाय नगं, वाईट वाटंल तिला. वय झालं."

हे राणीलाही पटण्यासारखं होतं. माणसाचं वय होतं, माणूस विसरतं. तिनं ते पटवून घेतलं असतं, पण दुपारी समीक्षा जागा सोडू लागली.

चटईवर मधोमध झोपवलेली पोर जाग येईपर्यंत खोलीच्या डाव्या कोपऱ्यात सापडायची, दारासमोरच्या भिंतीला पाय लावून. लेकरं झोपेत लोळतातच. राणीनं एका बाजूला उशा लावल्या, त्या ओलांडून गेली. जागा बदलली, चटई आडवी टाकली. पोर गेली ती त्याच कोपऱ्यात. धोंडुबाई म्हणाली, जंत झाले असतील, वावडिंग दे. राणीनं वावडिंग दिलं. धनाजीचा अंदाज होता की खोलीला उतार असेल. त्यानं फरशीवर बेअरिंगची एक गोळी ठेवून बघितली. गोळी जागची हलली नाही.

आणि एका दुपारी राणी धुणं वाळत घालून आत आली तर समीक्षा कोपऱ्यात वाकळेखाली झोपलेली. ट्रंक उघडी होती. पोरीला ट्रंकेचं झाकण उचलत नाही. न मिटलेला कोपरा तिच्या तोंडाशी आला होता, आणि श्वासाबरोबर त्याचं कापड आत ओढलं जात होतं.

श्वासानं कापड हलणारच. राणीनं तिला उचललं तेव्हा पोर अंगाला गार होती.

४

त्याच दिवशी तिनं भाकरी केली. पहिल्या भाकरीचा घास मोडला, कोपऱ्यात ठेवला आणि ठिगळ लावून कोपरा मिटला. टाके दुहेरी घातले. आईनं शिकवलेलं सगळं नीट झालं, म्हणून तिला बरं वाटलं. त्या संध्याकाळी तिनं धनाजीला हसून वाढलं.

सकाळी वाकळ घडी करताना कोपरा अंगठ्याखाली आला. सपाट होता. तिनं चाचपून बघितला, दोन बोटांत धरून चोळला. उंदीर म्हणावं तर कापडाला भोक नव्हतं. मुंग्या म्हणाव्या तर एक मुंगी नव्हती. टाके तिचेच होते, मोजून घातलेले. तिनं ब्लेडनं ते उसवले. आत भाकरीचा कणही नव्हता, पिठाची भुकटीसुद्धा नव्हती.

घास घेतला होता आणि पुरला नव्हता. किंवा तो घास नको होता. यापुढं राणीनं विचार केला नाही. वाकळ ट्रंकेत टाकली, ट्रंकेवर पाण्याचा भरलेला पिंप ठेवला, आणि पुठ्ठ्याचा राहिलेला तुकडा शोधून काढला.

चैत्रातल्या अवसेला धनाजी जायचं टाळत होता. एका चौकटीसाठी कोण एवढ्या लांब जातं, त्यात वर्कशॉपमध्ये ओव्हरटाइम. राणी कधी हट्ट करणारी नव्हती. तिनं त्याच्या ताटासमोर तो तुकडा ठेवला.

"एवढा कोपरा आणा," ती म्हणाली. "उघडा ठिवू नगा. मी तुमच्याकडं आजवर काय मागितलंय का?"

धनाजीनं तिच्याकडं नीट बघितलं. ती वाळली होती. तो म्हणाला, "तुला डाक्टरकडं न्यावं काय?"

"आधी कोपरा. मग म्हणशीला तिथं येतो."

तो गेला. राणीनं ते दोन दिवस पोरीला कडेवरून खाली ठेवलं नाही.

५

चौकट आली. या वेळी जोड बिनबोभाट बसला. काळा चौकोन गेला आणि त्या जागी वाडगं आलं, दगडाची भिंत, वर रचलेला काटा, मेंढरं पाणी पितात ती दगडी डोणी. आभाळ कुठंही तुटत नव्हतं.

धनाजीला आनंद व्हायला हवा होता. तो स्क्रीनला नाक लावून बसला होता.

वाडग्याच्या कोपऱ्यात वाकळ पसरलेली होती, आणि तिच्याजवळ एक बाई पाठमोरी बसली होती.

"आई हाय ती," तो म्हणाला. "उन्हाळ्याचं बाहीर येऊन बसती." मग म्हणाला, "तवा मला दिसली न्हाई पर."

हरणाबाई नऊवारी नेसते. ही गोल साडीत होती. डावा गुडघा उभा करून त्यावर हनुवटी टेकवून बसलेली. असं बसू नये म्हणून राणीला लहानपणी आईचे किती धपाटे बसले होते. सवय गेली नव्हती. आत्ताही, लॅपटॉपपुढं, ती तशीच बसली होती. तिनं गुडघा हळूच खाली घेतला.

"मोठं करा," ती म्हणाली.

धनाजीनं मोठं केलं. बाईची पाठ, वेणी, साडीचा काठ, सगळं दगडात कोरल्यासारखं स्पष्ट होतं. फक्त उजवा हात मनगटापासून पुढं विरघळला होता. तो वाकळेवर होता, आणि हाताखालचा उंचवटाही पुसटलेला, बोटानं काजळ फासावं तसा.

"ही बया अर्धा मिनिट हालली न्हाई," धनाजी हळू आवाजात म्हणाला. कामाचा माणूस, त्याला त्याही वेळी त्याचं नवल वाटत होतं. "हात तेवढा हालवती हाय. थोपटल्यासारखा. आन् वाकळंखाली काय हाय ते..."

"ते आलंय का?"

"न्हाई. हालवलंय न्हवं तिनं. ते काय आलं न्हाई."

"बगा नीट."

त्यानं नीट बघितलं. "न्हाई गं. पुसलंय."

राणीनं श्वास सोडला. धनाजीला वाटलं ती घाबरली, म्हणून त्यानं लॅपटॉप मिटला आणि हे चित्र कुणाला दाखवायचं नाही असं ठरवून टाकलं. डॉक्टरकडं उद्याच जाऊ म्हणाला. ती बरं म्हणाली. तिच्या डोक्यात दुसरंच चाललं होतं. पिवळं ठिगळ चित्रात आधी आलं होतं, फ्रॉक नंतर फाटला होता.

६

डॉक्टरनं झोपेच्या गोळ्या दिल्या. राणीनं त्या घेतल्या नाहीत.

दिवस तापायला लागले. समीक्षा आता झोपेत लोळत नव्हती. ट्रंकेवर पिंप ठेवल्यापासून ती जिथं ठेवावी तिथं झोपायची, ज्या कुशीवर ठेवावी त्याच कुशीवर उठायची. धोंडुबाई म्हणाली, बघ, वावडिंगाचा गुण आला. राणी दुपारभर तिच्याकडं बघत बसायची. लेकरू इतकं निश्चल असू नये. जे थांबतं तेवढंच येतं.

वाकळ जाळावी असं तिच्या मनात आलं होतं. माहेरी निघून जावं असंही आलं होतं. पण मग चित्रात हात हलवत बसलेली ती बाई, म्हणजे ती स्वतः, तिथं नसती. वाकळ असती किंवा नसती, पोर मात्र एकटी असती, कुठल्यातरी दुसऱ्या कोपऱ्यात, आणि तिला हलवणारं कुणी नसतं. धनाजी म्हणायचा तेच खरं होतं, मांडणी आपण आधी केली नाही तर अंधारात काहीच जमत नाही.

म्हणून एका दुपारी तिनं मांडणी केली.

पिंप बाजूला सरकवला. वाकळ काढून डाव्या कोपऱ्यात पसरली, न मिटलेला कोपरा भिंतीकडं; चित्रात वाडगं होतं, इथं खोली, पण कोपरा तोच. झोपलेल्या समीक्षाला उचलून तिच्यावर ठेवलं, अर्धी वाकळ पांघरली. चित्रात होती तीच साडी नेसली. वेणी पाठीवर घेतली. दाराकडं पाठ करून बसली, डावा गुडघा उभा केला आणि हनुवटी टेकवली. हे सगळं तिनं टेप न लावता केलं, पण एका बोटाचाही फरक नव्हता. कॅमेरा मागं फळीवर पिशवीत होता, त्याची बॅटरी खिडकीत ठेवलेली. धनाजी कामावर होता.

उजवा हात तिनं पोरीवर ठेवला आणि थोपटायला लागली.

शेजारच्या वर्कशॉपमधला प्रेस धाड धाड चालू होता. पत्रा त्याबरोबर थरथरायचा. पोरीच्या केसांना खोबरेल तेलाचा वास येत होता. वासानं राणीला एकदम रडू आल्यासारखं झालं, पण तिनं खांदे हलू दिले नाहीत. रडायचं झालं तर नंतर.

मग जेवणाची सुट्टी झाली आणि प्रेस थांबला. एकदम सगळं शांत झालं. धोंडुबाईच्या खोलीतून ताटाचा आवाज आला, तोही थांबला.

पाठीमागं, दाराच्या बाजूला, खट्ट वाजलं.

राणी वळली नाही. थांबायचं तर तिनं, पोरीनं नाही. श्वाससुद्धा तिनं अर्ध्यावर धरला. डोळे भिंतीवर, हनुवटी गुडघ्यावर, पाठ दगडासारखी. तिच्या सगळ्या अंगात फक्त एक हात हलत होता. तो ती आता जोरात हलवत होती, पोरीला खांद्याशी धरून मागंपुढं, मागंपुढं. समीक्षाची झोप मोडली. ती कुरकुरली, हातपाय झाडायला लागली. राणीनं तिला तसंच हलवत ठेवलं.

"उघडला," समीक्षा वाकळेखालून झोपाळू आवाजात म्हणाली, आणि सवयीनं गाल फुगवून वाट बघू लागली.

वाकळेचा कोपरा भिंतीकडून हळूहळू इकडं वळत होता, पोरीकडं नाही, राणीच्या पायाकडं. तिनं पाय काढून घेतला नाही. हात हलवत राहिली.

मिटल्याचा आवाज अजून आला नव्हता.